विंटर पार्कला पहिल्यांदा गोल्फ खेळणार असाल तर एवढंच बघा

अरे वा, स्वागत! फ्लोरिडातल्या ऑरलँडोजवळचा हा गोल्फ कोर्स सुरुवातीला एकदम योग्य आहे, गावाच्या मालकीचा, फक्त 9 होल, पार 35 (म्हणजे अपेक्षित फटके), चालत आरामात होतो. 2016 मध्ये रायली जॉन्स आणि कीथ रेब यांनी तो नव्याने आखला तेव्हा लांबीच्या मागे न लागता सगळी करामत ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवताच्या, चढ-उतारांत ठेवली, आणि नवीन लोक नेमके तिथेच फसतात, कोर्स छोटा दिसला की प्रत्येक टीवर (पहिल्या फटक्याच्या जागी) ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारणारा क्लब (काठी), काढतात आणि मग ग्रीनच्या चुकीच्या बाजूला पडून तीन-तीन पट (होलकडे बॉल लोळवणारे हलके फटके) मारत बसतात.

म्हणून आधी:
- टीवरून झेंडा कुठल्या बाजूला आहे ते बघा, मगच फेअरवेची (टी ते ग्रीनमधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याची) बाजू ठरवा. हे एक जमलं तरी खूप झालं.
- सात-आठ क्लब पुरेत.
- ग्रीनजवळ आलात की बॉल उडवू नका, जमिनीवरून लोळवा.

रस्ते आणि घरं अगदी लागून आहेत, बॉल तिकडे वळला तर जोरात 'फोर' (सावध करायची हाक) ओरडा, लाजायचं नाही. पहिले काही राउंड स्कोअर लिहूच नका. स्पिन, हँडिकॅप वगैरे नंतर बोलू, आत्ता टी टाइम (खेळ सुरू करायची वेळ) बुक करा.