जुन्या लॅपटॉपवर हलका ब्राउझर टाकला, पण पान सरकवताना ओळी एकमेकींवर चढतात, मध्येच पांढरे पट्टे येतात. रॅम वाढवू की नवीन लॅपटॉप घेऊ?

दोन्ही नको. निदान आज तरी नको.

तुमचा प्रश्न वाचून लिहायला बसले, कारण हाच सल्ला मीही ऐकला होता आणि त्याचे पैसेही मोजले. गोव्यात साखळी गावाला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं छोटं दुकान आहे. पावसात लाईट कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून डेस्कटॉप न ठेवता जुना लॅपटॉपच वापरते. सेलेरॉन प्रोसेसर, २ जीबी रॅम. त्यावर लुबुंटू ही हलकी लिनक्स आणि फॅल्कन हा हलका ब्राउझर टाकला होता. फॅल्कन म्हणजे पूर्वीचं कुपझिला. आतलं इंजिन क्रोमियमचंच, म्हणजे क्रोम ज्यावर चालतं तेच, वरचा पसारा तेवढा कमी.

एका सोमवारी मये गावचे एक काका जमिनीचा एक-चौदा, म्हणजे कब्जेदारांची नावं असलेला सरकारी उतारा, बघायला आले. गोव्यातल्या जुन्या घरांचे एक-चौदा कसे असतात ते इथल्यांना सांगायला नको, एकेका जमिनीला बारा-पंधरा कब्जेदार. त्यांना एवढंच बघायचं होतं की आईचं नाव अजून आहे ना. मी पान खाली सरकवत एकेक नाव मोठ्याने वाचलं. आईचं नाव आलं नाही. पुन्हा वर जाऊन पुन्हा वाचलं, तरी नाही. काका काही न बोलता बाकावर बसले. प्रिंटही घेतली नाही, उठून गेले.

दुसऱ्या दिवशी भाच्याला घेऊन आले आणि प्रिंट मागितली. कागद बाहेर आला तर नववं नाव आईचं! काकांनी त्यावर बोट ठेवलं, "बाये, आवयचें नांव आसा न्हय!" मी स्क्रीनकडे पाहिलं. तिथे आठवं नाव दोनदा दिसत होतं, एकाखाली एक, आणि त्या दुसऱ्या आठव्याने नववी ओळ झाकून टाकली होती. माउसने मजकूर सिलेक्ट केला तशी ती खोटी ओळ पुसली गेली आणि आईचं नाव वर आलं. त्या माणसाची एक रात्र माझ्यामुळे कशी गेली असेल, ते अजून मनातून जात नाही.

आमचे भावजी मडगावला कॉम्प्युटर दुरुस्तीत आहेत. त्यांना फोन केला. म्हणाले, "स्क्रीनशॉट पाठवा." मी बटण दाबलं की सगळी खिडकी नव्याने रंगवली जायची आणि चित्र स्वच्छ यायचं. तीन पाठवले, तिन्ही स्वच्छ. त्यावर ते म्हणाले, "वहिनी, डोळे तपासून घ्या. नाहीतर रॅम घाला, २ जीबीत काय होणार?" रॅम ४ जीबी केली. ओळी तशाच दोनदोनदा. मग म्हणाले, "लॅपटॉपच भंगारात घाला."

खरी गोष्ट अशी आहे. ब्राउझर पानाचे तुकडे पाडून ते ग्राफिक्स चिपकडे, म्हणजे जीपीयूकडे, रंगवायला देतो. पान सरकवलं की आधी रंगवलेले तुकडेच पुढे ढकलतो आणि नवी पट्टी तेवढी काढून घेतो. जुन्या चिपचा ड्रायव्हर, म्हणजे तिला चालवणारं सॉफ्टवेअर, इथे चुकला की शिळा तुकडा जागेवर तसाच राहतो. पानातला मजकूर बरोबरच असतो, म्हणून प्रिंट बरोबर येते. रॅमचा इथे काडीचा संबंध नाही. स्क्रीनशॉट स्वच्छ येणं हा माझ्या डोळ्यांचा दोष नव्हता, बिघाड रंगवण्यात आहे याची ती खूण होती. भावजींना ती ओळखता यायला हवी होती.

तुम्ही एवढं करा. ओळी चढल्या की कंट्रोल-ए दाबा. दुरुस्त झाल्या तर वर सांगितलेलंच दुखणं. फॅल्कन असेल तर ते सुरू करताना 'क्यूटीवेबइंजिन', 'क्रोमियम', 'फ्लॅग्ज' हे तीन शब्द कॅपिटलमध्ये अंडरस्कोअरने जोडून तो व्हेरिएबल (प्रोग्राम सुरू होताना वाचतो ती सेटिंग) द्या आणि त्याची किंमत 'डॅश डॅश डिसेबल डॅश जीपीयू' ठेवा. माझं तेवढ्यावरच थांबलं. एपिफनीसारखे वेबकिट या दुसऱ्या इंजिनावर चालणारे ब्राउझर असतील तर 'वेबकिट', 'डिसेबल', 'कंपोझिटिंग', 'मोड' हे चार शब्द तसेच जोडून किंमत १.

पांढरे पट्टे येऊन क्षणभरात आपोआप भरत असतील तर तो बिघाड नाही, प्रोसेसर मागे पडतोय. सावकाश सरकवा, मऊ सरकण्याची सोय (स्मूथ स्क्रोलिंग) बंद करा. आणि आडवी रेघ पडून चित्र फाटल्यासारखं दिसत असेल तर ते तिसरंच. ते स्क्रीनशॉटमध्ये कधीच येत नाही, मोबाइलने फोटो काढून दाखवावं लागतं. ते ब्राउझरच्या हातात नाही, डेस्कटॉपच्या कंपोझिटरमध्ये (सगळ्या खिडक्या एकत्र रचून दाखवणारा भाग) किंवा ड्रायव्हरमध्ये बघा.

"मग सगळ्यात हलका ब्राउझर घ्या ना" असं कोणी सांगेल. भावजींनीही डिलो सांगितला होता. १९९९ पासूनचा आहे, चिमूटभर जागेत चालतो, इंग्रजी लेख वाचायला छान. पण त्यात जावास्क्रिप्ट नाही, म्हणजे फॉर्म भरायचं नावच नको. आणि माझ्याकडे त्यात मराठी बातमी उघडली तर 'स्थिती'मधली पहिली वेलांटी 'स्थ'च्या डावीकडे यायची ती उजवीकडे, आणि 'स'चा पाय मोडलेला उघडा. युनिकोडमध्ये वेलांटी व्यंजनानंतरच साठवलेली असते, ती अलीकडे आणून जोडाक्षर बांधणं हे वेगळ्या यंत्रणेचं काम. ती नसेल तर ब्राउझर कितीही हलका असो, आपल्या उपयोगाचा नाही.

एक सांगायचं राहिलं. जीपीयू बंद केलं की व्हिडिओचा सगळा भार प्रोसेसरवर येतो. पंखा ओरडेल, यूट्यूब अडखळेल. मला दुकानात व्हिडिओ लागत नाहीत, तुम्हाला लागत असतील तर त्यासाठी दुसरा ब्राउझर ठेवा. आणि पंधरा टॅब उघडून ठेवायची सवय असेल, हार्ड डिस्कचा दिवा सारखा लुकलुकत असेल, तर मात्र रॅम खरंच कमी पडतेय, तेव्हा घाला.

माझ्याकडे तोच लॅपटॉप अजून चालू आहे. तरीही नावं वाचून दाखवायची वेळ आली की मी आता आधी प्रिंट काढते. गिऱ्हाइकाला ती नको असेल तर कागदाचे पैसे घेत नाही.