हायटस हर्नियाच्या ऑपरेशननंतर आईचं जेवण पूर्ववत व्हायला किती दिवस लागतील?

साधारण दीड महिना धरून चाला. दुर्बिणीच्या ऑपरेशनात छातीत सरकलेलं जठर खाली ओढतात, श्वासपटलातलं रुंदावलेलं भोक टाके घालून लहान करतात आणि जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळतात.

तिथे सूज असते, म्हणून सुरुवातीला घास अडकल्यासारखा वाटतो. आईंना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर त्या घाबरून खाणंच सोडतील. आधी पेज, वरणाचं पाणी, पातळ ताक. मग डॉक्टरांनी सांगितल्यावर गुरगुट्या भात, मऊ खिचडी. पोळी, भाकरी, पाव, मटण अगदी शेवटी. थोडं थोडं, पाच-सहा वेळा, चावून चावून. सोडा, कोल्ड्रिंक नकोच. ढेकर नीट येत नाही आणि पोट टम्म फुगतं.

खांदा दुखला तर तो बहुधा ऑपरेशनच्या वेळी पोटात भरलेल्या वायूमुळे. दोन-चार दिवसांत थांबतो. भरलेली बादली, कळशी मात्र सर्जन हो म्हणेपर्यंत उचलू देऊ नका.

पाणीही उतरत नसेल, सारख्या उलट्या होत असतील, ताप किंवा छातीत दुखणं असेल, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.