गाजर गवतावरचे भुंगे: मे महिन्यात घाई नको

दादा, गाजर गवताचा पाला खाऊन ते आटोक्यात ठेवणारे मेक्सिकन भुंगे आत्ता उन्हाळ्यात सोडू नका. 1984 साली बंगळुरूत पहिल्यांदा सोडलेला हा किडा आपल्याकडे पावसाळ्याचा गडी. साधारण 25 ते 30 अंश तापमान आणि कोवळा पाला मिळाला की अंड्यापासून भुंगा महिन्याभरात तयार. पारा चाळिशीकडे सरकला की अंडी फारशी उबत नाहीत, अळ्याही तग धरत नाहीत. थंडीत, कोरड्या दिवसांत भुंगे मातीत शिरून झोपतात. मेले समजून तिथे नांगर घालू नका, पुढच्या पावसात तेच वर येतात.

जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी गोळा करा, भोकं पाडलेल्या बरणीत पाल्यासकट सावलीतून न्या. उन्हात उभ्या गाडीत राहिलेली माझी अख्खी बरणी एकदा तासाभरात संपली होती!