नळ्या काढाव्यात, पण कोणत्या?

प्रश्न : माझ्याकडे कार्बोरेटरचा जुना पेट्रोल ट्रक असून तो आता केवळ खासगी जमिनीवरील खडकाळ, चढउताराच्या वाटांवर चालतो. इंजिनावर व्हॅक्यूमच्या नळ्यांचे जाळे आहे. त्यांतील काही तडकल्या आहेत, तर काही कोठून कोठे जातात हेच कळत नाही. सर्व नळ्या काढून तोंडे बंद करावीत, असा सल्ला एका मेकॅनिकने दिला आहे. तसे करावे का? तीव्र चढावर इंजिन बंद पडते, तेही त्यामुळे थांबेल का?

उत्तर : सरसकट सर्व नळ्या काढू नयेत. आपल्या इंजिनाचा खरा शत्रू नळ्यांची संख्या नसून तडकलेल्या नळीतून आत शिरणारी हवा आहे. म्हणून प्रथम प्रत्येक नळीच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी बांधावी, खराब नळ्या बदलाव्यात आणि मॅनिफोल्डला (सिलिंडरांकडे हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळकांड्याला) ओढ मोजणारा व्हॅक्यूम गेज लावून पाहावा. समुद्रसपाटीजवळ सुस्थितीतील इंजिन आयडलिंगला (गाडी उभी असताना संथ चालताना) साधारण १७ ते २१ इंच पारा इतका व्हॅक्यूम दाखवते आणि काटा स्थिर राहतो. उंचीवर दर ३०० मीटरला सुमारे १ इंच कमी धरावा. काटा स्थिर असूनही आकडा बराच कमी असेल, तर हवेची गळती किंवा मागे पडलेले टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ), या दोहोंपैकी एकाचा संशय घ्यावा.

तीन जोडण्यांना हात लावू नये. ब्रेकला जोर देणाऱ्या ब्रेक बूस्टरच्या नळीबद्दल वेगळे सांगायला नको. क्रँककेसमधील (इंजिनाच्या खालच्या कप्प्यातील) वायू मॅनिफोल्डकडे नेणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह प्रदूषणासाठी बसवलेला दिसत असला, तरी तो काढल्यास तेलात ओलावा व गाळ साचतो आणि दाब वाढून सीलमधून तेल पाझरू लागते. तिसरी जोडणी डिस्ट्रिब्यूटरच्या व्हॅक्यूम अॅडव्हान्सची, म्हणजे कमी भारावर ठिणगी लवकर पाडणाऱ्या यंत्रणेची. ती शर्यतीच्या इंजिनांवर अनेकदा नसते, म्हणून आपल्याकडेही नको, हा युक्तिवाद फसवा आहे. कमी भारावर, थ्रॉटल अर्धवट उघडा ठेवून सावकाश चालणाऱ्या इंजिनालाच तिचा सर्वाधिक उपयोग होतो आणि तिच्याविना पेट्रोल अधिक जळून इंजिन अधिक तापते. गिअरबॉक्स ऑटोमॅटिक असल्यास त्याच्याकडे जाणारी व्हॅक्यूमची नळीही राखावी.

एक्झॉस्टमध्ये हवा सोडणारा एअर पंप मात्र काढता येतो. त्याची छिद्रे नीट बुजवावीत आणि त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंप चालत नाही ना, हे आधी पाहावे. ईजीआर व्हॉल्व्हबाबत घाई नको. जळालेल्या वायूचा थोडा भाग पुन्हा आत घेऊन तो ज्वलनाचे तापमान उतरवतो आणि टायमिंगची मूळ आखणी अनेकदा हे गृहीत धरूनच केलेली असते. त्यामुळे तो धातूच्या पट्टीने व गॅस्केटने बंद केल्यावर मध्यम भारावर नॉकिंग (अवेळी ज्वलनाची खडखड) सुरू झाल्यास व्हॅक्यूम अॅडव्हान्सची मर्यादा कमी करावी लागते. हा ट्रक पुन्हा सार्वजनिक रस्त्यावर येण्याची शक्यता असेल, तर काढलेले भाग जपून ठेवावेत, कारण अशा वाहनांवरून ही साधने हटवण्यास अनेक देशांत मनाई आहे. पेट्रोलच्या वाफा साठवणारा कोळशाचा डबा राहू द्यावा. तो काढून टाकीचा श्वासमार्ग बुजवला, तर टाकीत व्हॅक्यूम निर्माण होऊन पेट्रोल येणेच थांबते. मार्ग नुसता उघडा सोडला, तर ट्रक कलताच पेट्रोल सांडते.

चढावर इंजिन बंद पडण्याचा प्रश्न या नळ्या काढून सुटेल असे वाटत नाही. तेथे बहुधा कार्बोरेटरच्या फ्लोट बाऊलमधील (तरंगता फ्लोट पातळी राखतो त्या वाटीतील) पेट्रोल एका बाजूला सरकते, त्यामुळे एक तर जेट (पेट्रोल ओढून घेणारे छिद्र) उघडा पडतो किंवा पेट्रोल बाऊलच्या श्वासनळीतून थेट घशात ओघळून इंजिन गुदमरते. बंद पडण्यापूर्वी काळा धूर व पेट्रोलचा वास आला, तर यांतील दुसरे कारण, म्हणजे पेट्रोल ओघळणे, समजावे. अशा वेळी फ्लोटची पातळी किंचित खाली आणावी, श्वासनळी उंच करावी आणि पेट्रोलचा दाब मोजावा. अशा बहुतेक इंजिनांच्या यांत्रिक पंपाचा दाब चौरस इंचाला साधारण ४ ते ६ पौंड असतो आणि त्याहून फार वाढल्यास फ्लोटची सुई तो अडवू शकत नाही. यांत्रिक पंप काढून विजेचा बसवायचा झाल्यास त्याचा वीजपुरवठा ऑइल प्रेशर स्विचमधून घ्यावा, कारण एरवी ट्रक उलटून इंजिन बंद पडले तरी इग्निशन चालू असेपर्यंत पंप पेट्रोल ओततच राहतो.