पावडर पोत्यात चालते, पोटात नाही

प्रश्न : मोहोळजवळ माझ्याकडे डुकरांच्या २२ माद्या आणि २ नर आहेत. खुराक म्हणजे मका, सोयाबीनची पेंड, कोंडा. शिवाय सोलापुरातल्या हॉटेलांचं खरकटं रोज टेम्पोने येतं. 'ही पावडर खाद्यात मिसळा, आफ्रिकन स्वाइन फीव्हर (डुकरांचा जीवघेणा विषाणूचा रोग) येणारच नाही,' असं एक विक्रेता म्हणतो. घ्यावी का?

उत्तर : पिशवीत काय आहे ते आधी त्याला विचारा. खोबरेल तेलात असतात तशी मेदाम्लं किंवा त्यांच्यापासून बनणारं मोनोलॉरिन असेल, तर माणूस अगदीच हवेत बोलत नाही. विषाणूचं बाहेरचं आवरण मेदाचं असतं, त्यावर ती घाव घालतात. अमेरिकेत २०१३ साली डुकरांच्या हगवणीचा पीईडी विषाणू शिरला, त्यानंतर या गोष्टींवर तिकडे बरंच काम झालं. पण त्यांचं काम पोत्यातल्या विषाणूवर. लागण झालेल्या जनावराला हे औषध नव्हे, लसही नव्हे. आणि फॉर्मेलिन, म्हणजे विषारी जंतुनाशक, स्वतःच्या हाताने खाद्यात ओतायला तर कुणी सांगितलं तरी ओतू नका.

तुमची खरी भीती मला त्या टेम्पोची वाटते. खरकट्यात डुकराच्या कच्च्या मांसाचा एक तुकडा पुरे. मीठ लावून किंवा फ्रीजमध्ये ठेवून हा विषाणू मरत नाही. जागतिक प्राणी आरोग्य संघटनेचा नियम आहे : ९० अंशांवर निदान ६० मिनिटं, सारखं ढवळत. कडेला बुडबुडे आले की उतरवू नका, मधला गोळा तेव्हा कोमटच असतो. नोकरीत असताना एकाकडे पाहिलं, गड्याने तासभर इमानाने शिजवलं आणि आणलेल्याच न धुतलेल्या पिंपात परत ओतलं! पिंपं वेगळी ठेवा, टेम्पो फाटकाबाहेरच उभा करा. पावडरीचे पैसे आधी जळणाला घाला.

कोरड्या खुराकाची पोती महिनाभर आधी आणून ठेवता आली तर बघा. उष्णतेत विषाणू लवकर मरतो, आणि आपल्या सोलापूरच्या एप्रिलला उष्णता विकत आणावी लागत नाही.

डुकरांना स्वाइन फीव्हरची लस टोचून घ्याच, पण ती जुन्या, क्लासिकल रोगाची. आफ्रिकन हा वेगळाच विषाणू, २०२० मध्ये आसाम-अरुणाचलात आला. त्याला ही लस लागू पडत नाही. एकाएकी ताप, कान जांभळे, पटापट मरतूक दिसली तर मेलेली डुकरं सीना नदीत टाकू नका, उरलेली घाईने विकू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात कळवा. माणसाला हा रोग होत नाही, तेव्हा लपवायचं काही कारण नाही.