‘इन्फ्लक्स’ दिसला की लगेच ‘लोंढा’ नको

अरे, भाषांतर करताना बघ, इंग्रजी ‘इन्फ्लक्स’चं मूळ लॅटिन: ‘इन’ म्हणजे आत, ‘फ्लुएरे’ म्हणजे वाहणं. त्यात नुसतं आत वाहत येणं आहे, तक्रार नाही. ‘लोंढा’ म्हटलं की ती येते. निर्वासितांच्या बातमीत मी एकदा लोंढा लिहिला, संपादकांनी तांबड्या शाईने खोडून ‘ओघ’ केला. बरोबरच केलं. धरणात पाण्याची आवक, मंडईत कांद्याची आवक, देवळात भाविकांची रीघ. जागा बघून शब्द घे.

‘फ्लुइड’, ‘फ्लुएन्ट’ त्याच घरातले. ‘इन्फ्लुएन्झा’सुद्धा! ताऱ्यांचा प्रभाव खाली उतरतो नि साथ येते, ही जुनी समजूत. शब्द इटालियन, इंग्रजीत आला १७४३ साली. ‘फ्लो’ मात्र या घरातला नाही, तो जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या स्वतःच्या कुळातला. मीही बरीच वर्षं फसलो होतो.