घरामागे केअर होम येतंय : हरकत कशावर घ्यायची

घरामागच्या मैदानावर फ्लॅट आणि साठ खोल्यांचं केअर होम (वृद्धांची राहण्याची आणि देखभालीची जागा) येणार, गल्लीत सगळ्यांच्या सह्या झाल्यात, तर काउन्सिल बांधकाम परवानगीचा अर्ज फेटाळेल का, असं तुम्ही विचारलंय. नुसत्या सह्यांवर नाही फेटाळणार. इंग्लंडमध्ये २००४ च्या नियोजन कायद्याचं कलम ३८(६) निर्णय लोकल प्लॅनला (कुठे काय बांधायचं हे ठरवणाऱ्या काउन्सिलच्या आराखड्याला) धरून द्यायला सांगतं. त्यापासून हटायचं तर नियोजनाशी संबंधित ठोस कारण लागतं. एकच मजकूर शंभर जणांनी पाठवला तरी मुद्दा एकच राहतो.

घराची किंमत पडेल, खिडकीतून दिसणारं झाडांचं दृश्य जाईल, ही कारणं विचारात घेतली जात नाहीत. नवीन खिडक्या थेट तुमच्या बेडरूमवर उघडणं, उजेड अडणं, रहदारी, आवाज, पाण्याचा निचरा, हे घेतलं जातं.

केअर होमच्या बाबतीत मी सगळ्यात आधी पार्किंग बघते. रहिवासी गाडी चालवत नाहीत म्हणून अर्जात जागा कमी दाखवलेल्या असतात. पण शिफ्ट बदलताना रात्रपाळीचे कर्मचारी अजून निघालेले नसतात आणि सकाळचे येऊन पोचलेले असतात. अर्जासोबतच्या वाहतुकीच्या अहवालात ही वेळ धरलीय का ते शोधा. धरली नसेल तर त्याच वेळेला तुमच्या रस्त्याचे फोटो काढा, तारीख-वेळ लिहा आणि हरकतीला जोडा. सह्यांच्या गठ्ठ्यापेक्षा हे जास्त उपयोगी पडतं, कारण अर्ज तपासणाऱ्या काउन्सिलच्या प्लॅनिंग ऑफिसरला त्यावर उत्तर द्यावं लागतं.

एक कळकळीने सांगते. ‘डिमेन्शियाचे लोक शेजारी नकोत’ असं कोणी लिहीत असेल तर त्यांना थांबवा. तिथे राहणारी माणसं आपल्याच आई-वडिलांच्या वयाची आहेत आणि त्यांना कुठेतरी राहायचंच आहे. शिवाय २०१० च्या समानता कायद्यामुळे वय आणि अपंगत्वाचा विचार करणं काउन्सिलला बंधनकारक आहे. आत सेवा कशी मिळते हे सीक्यूसी, म्हणजे केअर होम तपासणारी सरकारी संस्था, बघते. प्लॅनिंगमध्ये जागेच्या वापराचा प्रश्न असतो.

काउन्सिलकडे पाच वर्षं पुरेल इतकी घरांसाठी जमीन आहे का, हेही ऑफिसरच्या रिपोर्टमध्ये वाचा. नसेल तर तराजू परवानगीकडे झुकतो. केअर होममधल्या खोल्याही घरांच्या हिशेबात धरता येतात, कारण तिथे गेलेल्यांची घरं मोकळी होतात.

आणि नकार मिळवला की लढाई संपली असं नाही. अशा मोठ्या अर्जावर अर्जदाराला प्लॅनिंग इन्स्पेक्टोरेटकडे (अशी अपिलं ऐकणाऱ्या सरकारी संस्थेकडे) अपील करायला सहा महिने असतात. शेजाऱ्यांना मात्र परवानगीविरुद्ध अपीलच नाही. फक्त कायदेशीर चूक असेल तर सहा आठवड्यांच्या आत कोर्ट. म्हणून हरकतीत खाली स्पष्ट लिहा: ‘परवानगी द्यायचीच असेल तर या अटी घाला.’ तुमच्या बाजूच्या खिडक्यांना धुरकट काच, माल उतरवण्याच्या ठरावीक वेळा, स्वयंपाकघराच्या एक्झॉस्टला आवाजाची मर्यादा, हद्दीवरची झाडं राखणं. अटी मोघम नकोत, कोणत्या मजल्याची कोणती खिडकी तेही लिहा.

हरकतींसाठी साधारण २१ दिवस मिळतात. तुमच्या वॉर्डच्या काउन्सिलरला आजच ईमेल करून अर्ज काउन्सिलरांच्या प्लॅनिंग कमिटीपुढे आणता येईल का विचारा, नाहीतर तो ऑफिसरच्या पातळीवरच निकाली निघू शकतो. कमिटीपुढे आला तर बोलायला बहुतेक ठिकाणी तीनेक मिनिटंच मिळतात. एकच जण बोला आणि पार्किंगवरच बोला.